कट्ट्यावरचे वस्ताद

कोल्हापुरातल्या कुठल्याही तालमीत दोन वस्ताद असतात. एक आखाड्यात उतरतो आणि दुसरा कट्ट्यावर बसतो. आखाड्यातला वस्ताद फारसा बोलत नाही. 'लढ', 'सोड', 'पुन्हा' एवढ्यात त्याची सकाळ निघते. एखादं पोर फारच चुकलं तर तो नुसता त्याच्याकडं बघतो, आणि ते बघणं त्या पोराला आठवडाभर पुरतं. उरलेलं सगळं बोलणं कट्ट्यावरच्या वस्तादाच्या वाट्याला येतं. या दुसऱ्याची नेमणूक कुणी केलेली नसते, त्याला मानधन नसतं आणि त्याला काढून टाकायची सोयही नसते. पेठ बदलली की त्याचं नाव बदलतं. कुठं तो आण्णा, कुठं तात्या, कुठं नुसताच मामा. आमच्या पेठेत त्याला आबा म्हणतात, म्हणून आपणही आबाच म्हणू.

आबांना वय विचारलं तर उत्तर आकड्यात येत नाही. "खंचनाळे हिंदकेसरी झाले तवा माझं दुधाचं दात पडत हुतं," असं ते सांगतात. श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले. पुढची बेरीज आपली आपण करायची. अंगानं किरकोळ, पांढरा शर्ट, पायजमा, कपाळावर अंगारा आणि डोक्याभोवती करड्या रंगाचा मफलर. हा मफलर थंडीत असतो, पावसात असतो आणि वैशाखातही असतो. घामाच्या धारा मानेवरून वाहत असतात, पण मफलर हलत नाही.

त्याला कारण आहे. पैलवान दंडावरून ओळखायचा नसतो. दंड हल्ली जिममध्ये महिन्याच्या फीवर मिळतात. पैलवान ओळखायचा कानावरून. लढतीत डोक्याला डोकं घासून, मानेला कस लागून कान आतून फुटतो, रक्त साकळतं, आणि वेळेवर उपचार केला नाही तर तसाच घट्ट होऊन कायमचा मोडतो. दुखतो भयंकर. पण एकदा मोडला की एस.टी.त लोक सरकून जागा देतात, पंगतीत वाढपी दुसऱ्यांदा जिलेबी घेऊन येतो आणि भाडेकरू वेळेवर भाडं देतो. कोल्हापूर जिल्ह्यात मोडलेला कान हा रेशनकार्डापेक्षा चालणारा दाखला आहे. आबांचे कान मात्र पेठेत कुणी पाहिलेले नव्हते. एका आगाऊ पोरानं एकदा विचारलं, तर ते म्हणाले, "कान मोडतो तो बचावाला उशीर करणाऱ्याचा. आमच्या कानापर्यंत हात पोचायचा कुणाचा?"

पहाटे साडेचारला तालमीचं दार उघडतं, तेव्हा आबा पायरीवर आधीच हजर असतात. मारुतीला हात जोडायचे, आखाड्यातली चिमूटभर माती कपाळाला लावायची आणि कट्ट्यावर मांडी घालायची. पोरं आधी फावड्यानं आखाडा खणतात, हीच दिवसाची पहिली मेहनत. ही लाल माती नुसती माती नसते. तिच्यात ताक, हळद, तेल, लिंबू, कापूर घालून ती मुरवलेली असते. त्यामुळं ती अंगाला मऊ लागते आणि खरचटलेलं चिघळत नाही, असं तालमीत मानतात. आबा थोडी माती नाकाशी नेतात आणि निकाल देतात, "ताक कमी पडलंय." रोज. एकदा पोरांनी मुद्दाम घागरभर जादा ताक ओतलं. आबांनी वास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "आता हळद कमी पडली."

मग जोर सुरू होतात. जोर म्हणजे पुशअप नव्हे, हे आबांनी मला पहिल्याच ओळखीत दोनदा सांगितलं होतं. हातपाय जमिनीवर, कंबर वर. तिथून छाती मातीला लागेल-न लागेल अशी पुढं काढायची, मान वर उचलायची आणि कंबर मागं घेत पुन्हा होतं तिथं यायचं. छाती, खांदे, पाठ, मनगट आणि श्वास, सगळं एकाच वेळी कामाला लागतं. मांड्यांसाठी बैठका. दोन्ही एका दमात मारले की सपाटे. हे शेकड्यांनी मारायचे असतात आणि ते मोजायचं खातं आबांकडं आहे.

"अडुसष्ट. एकोणसत्तर. सत्तर. छाती लागली न्हाई. एकोणसत्तर. कंबार हालली. अडुसष्ट."

त्यात मधे कुणी दूधवाला दारातून रामराम घालतो, आबा त्याच्या म्हशीची चौकशी करतात आणि परत येतात ते साठावर. शंभर जोरांचा हिशेब पुरा व्हायला पोराला दीडशे मारावे लागतात. मी शाळेत गणित शिकवतो, त्यामुळं मला ते सहन होईना. एकदा वस्तादांना म्हणालो, आबा चुकीचं मोजतात. वस्ताद लंगोट वाळत घालत होते. ते म्हणाले, "मोजू द्या." वस्तादांच्या मानानं हे भाषणच झालं. पुढं लक्षात आलं की आमच्या तालमीतली पोरं डावात मार खातात, नशिबानं मार खातात, पण दमात सहसा हरत नाहीत. त्याचं श्रेय कुठल्याही प्रशिक्षकाला नसून एका माणसाच्या कच्च्या उजळणीला आहे.

आकड्यांशी आबांचं नातं एकूण असंच मोकळं आहे. गामा पैलवान रोज किती बैठका मारायचा, हे मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकलं तेव्हा आकडा तीन हजार होता. मग पाच झाला. गेल्या दिवाळीला साडेसात हजारांवर गेला. गामा लाहोरला १९६० साली वारला. बैठका अजून वाढतायत.

गामा हा आबांचा खास विषय. लंडनमध्ये १० सप्टेंबर १९१० ला गामाची पोलंडच्या झिबिस्कोशी कुस्ती झाली. ती अडीच तासांच्या वर चालली आणि बरोबरीत सुटली, कारण झिबिस्को बहुतेक वेळ पालथा पडून राहिला. पुढच्या आठवड्यात पुन्हा लढायचं ठरलं, तर त्या दिवशी झिबिस्को आलाच नाही. हा झाला इतिहास. आबा तो चहाच्या गाड्यावर सांगतात तेव्हा कपबशा हलतात.

"गादी हुती मास्तर, गादी! गादीवर माणूस झोपणारच की! पुढं अठ्ठावीस साली पतियाळ्याला आला. तितं आपली माती. मिनिट लागला न्हाई. मातीत कोन झोपंल?"

पतियाळ्याची कुस्ती मिनिटाच्या आत निकाली झाली, हे खरं आहे. आबांच्या बोलण्यात अशी खरी गोष्ट मधूनच निघते, त्यामुळं बाकीचीही खरी मानायचा मोह होतो.

मी म्हणालो, "पण आबा, खाशाबा जाधवांनी हेलसिंकीला पदक मिळवलं ते गादीवरच ना?"

"गोळेश्वरच्या मातीनं मिळवलं. गादी नुसती खाली हुती."

खाशाबांचं नाव निघालं की मात्र आबांचा आवाज उतरतो. १९४८ साली लंडनला सहावा नंबर. गादीची सवय नसताना. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नाहीत, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचं ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक असं आलं. आबा हे सांगताना मफलरच्या टोकानं डोळे पुसतात, आणि ते नाटक नसतं. त्या दिवशी डोळे पुसून झाल्यावर त्यांनी माझ्याकडं निरखून बघितलं.

"तुमी बी मास्तर हाय न्हवं? घर कुणाच्या नावावर हाय?"

"माझ्याच. पण कर्ज आहे. आधीच बँकेकडं गहाण आहे."

"मग खाशाबा कसा निघायचा?" म्हणून आबांनी उरलेला चहा ओतून दिला. त्यानंतर बरेच दिवस ते माझ्याशी तुटकच बोलत होते. देशाचं पदक माझ्या गृहकर्जात अडकलं आहे, असं त्यांचं आजही मत आहे.

आबांची विद्या कमी आहे असं मात्र कुणी समजू नये. एकेरी पट, दुहेरी पट, ढाक, कलाजंग, धोबीपछाड, घिस्सा, मोळी, एकलंगी, आतली टांग, बाहेरली टांग, सगळे त्यांना तोंडपाठ. प्रत्येक डावाला तोड, त्या तोडीला पुन्हा तोड, अशी ती शिडी ते कुठवरही चढत नेतात. त्यांच्याकडं बडोद्याच्या मुजुमदारांच्या व्यायामज्ञानकोशाचा एक खंड आहे. त्याचं पुठ्ठं गेलंय, सुरुवातीची पानं गेलीयत, त्यामुळं तो दहा खंडांपैकी कितवा हे आबांनाही सांगता येत नाही. तो ते पोथीसारखा फडक्यात बांधून ठेवतात.

शिवाय कुस्तीचे जुने चार प्रकार त्यांच्या फार कामाचे. भीमसेनी म्हणजे ताकदीची, हनुमंती म्हणजे डावपेचांची, जांबुवंती म्हणजे जखडून शरण आणायची आणि जरासंधी म्हणजे हातपाय मोडायची. आबांच्या हिशेबी अख्खी पेठ या चारांत बसते. भाजी मंडईतला हमाल भीमसेनी. कोपऱ्यावरचा वकील हनुमंती. पतसंस्थेचा वसुलीवाला जरासंधी. "आन आमची मंडळी जांबुवंती," ते एकदा हळू आवाजात म्हणाले, "एकदा धरलं की शरण आल्याबिगर सोडत न्हाई." ही वर्गवारी मी शिक्षकांच्या खोलीत लावून बघितली. ती सगळ्यांना बसते. मुख्याध्यापकांना दोन प्रकार लागतात.

डाव नुसता सांगून आबांचं समाधान होत नाही. समोरच्या माणसावर करून दाखवावा लागतो. समोरचा माणूस पैलवान असून चालत नाही, कारण तो सहज सुटतो. म्हणून पोस्टमन, विमा एजंट, वर्गणी मागायला आलेली मंडळाची पोरं आणि मी, एवढ्यांवर आजवर कलाजंग झालेला आहे. "हितनं हात घातला, बगलेत डोस्कं घातलं, आता तुमी माझ्या खांद्यावर." आपण प्रत्यक्षात खांद्यावर नसतोच; आबांच्या बगलेचा वास घेत अर्धवट वाकलेले असतो, आणि चष्मा चहाच्या गाड्याखाली गेलेला असतो.

वस्ताद चेल्याला सगळे डाव शिकवतो पण एक राखून ठेवतो, असं तालमीत पूर्वीपासून म्हणतात. चेला कधी उलटलाच तर वस्तादाकडं काहीतरी असावं म्हणून. आबांचं म्हणणं, तो राखीव डाव या तालमीतल्या जुन्या वस्तादांनी मरताना कुणालाच दिला नाही, फक्त त्यांच्या कानात सांगितला. (कुठल्या कानात, हे मी विचारलं नाही.) तो डाव कसा आहे? सांगता येत नाही, करावा लागतो. मग करून दाखवा. तेवढ्या ताकदीचा गडी समोर पाहिजे. आता गडी राहिलेत कुठं? इथं आबा सुस्कारा टाकतात आणि पोरं जोराला लागतात.

खुराकाचं सांगायचं तर आबा खुराकाचे मंत्री आहेत. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर धार काढून मिळतं तेच दूध. थंडाईत बदाम किती, खसखस किती, बडीशेप किती, आणि ती दगडी खलात किती वेळ घोटायची, सगळं तेच ठरवतात. स्वतःला साखर झालेली असल्यानं त्यांना यातलं काहीच चालत नाही. ते बिनसाखरेचा चहा पितात आणि दुसऱ्याच्या थंडाईकडं बघत राहतात. एका पोरानं प्रोटीन पावडरचा डबा आणला तेव्हा तालमीत मोठं वादळ झालं. आबांनी डबा हातात घेतला, चष्मा लावला, मागचं बारीक छापलेलं सगळं वाचलं आणि "भुस्सा हाय," असा शेरा मारला. डबा परत देताना त्यांनी हळूच विचारलं, "ह्यात साखर नसती म्हणं?"

ब्रह्मचर्यावरचं त्यांचं व्याख्यान दर शनिवारी असतं. लंगोटाचा पक्का असावा, सिनेमा बघू नये, मोबाइल रात्री वस्तादांच्या पेटीत ठेवावा, वगैरे. आबांना चार मुलं आणि सात नातवंडं आहेत. व्याख्यान चालू असताना त्यातलं एखादं नातवंड हमखास त्यांच्या मांडीवर खेळत असतं.

इतकं सगळं असूनही एक काम असं आहे, की जिथं आबांची कुणीही थट्टा करत नाही. ते म्हणजे यात्रेच्या मैदानात लहान पोरांच्या जोड्या नेमणं. खासबागेसारख्या मैदानाची गोष्ट वेगळी. राजर्षी शाहूंनी युरोप बघून आल्यावर बांधून घेतलेलं ते मैदान, १९१२ पासूनचं. तिथल्या कुस्त्या आधी ठरतात, पोस्टरवर छापल्या जातात. गावच्या यात्रेत तसं नसतं. हलगी वाजू लागली की लंगोट घातलेली दहा-बारा वर्षांची पोरं हात वर करून मैदानात गोल फिरतात, जोड शोधत. ही रेवड्यांच्या नाहीतर नारळाच्या इनामाची कुस्ती. तिथं काटा नसतो, जन्मदाखला नसतो. कुणीतरी दोन पोरांचे हात धरून त्यांना समोरासमोर उभं करायचं असतं.

आबा मैदानात उतरतात ते इथंच. एका पोराच्या खांद्यावर हात ठेवतात, दुसऱ्याच्या पोटरीकडं बघतात, तिसऱ्याला "किती दिस झालं तालमीत?" म्हणून विचारतात आणि जोड लावतात. पोराच्या बापानं आग्रह केला तरी एक बोट उंचीचा फरक चालू देत नाहीत. "ह्यो त्याला मोडंल. न्हाई." मग बाप शिव्या देतो, सरपंच मधे पडतो, लाऊडस्पीकरवाला आबांचं नाव घेऊन विनोद करतो. आबा हलत नाहीत. त्यांनी लावलेल्या कुस्त्या लांबतात, रंगतात आणि हरलेलं पोर रडत असलं तरी पुढच्या यात्रेला परत येतं. मी यात्रेला जातो तो याचसाठी. मोठ्या कुस्त्यांपर्यंत थांबायची मला कधी गरज वाटली नाही.

पोरींच्या कुस्तीला आबांचा आधी कडकडीत विरोध होता. पोरी आखाड्यात उतरायच्या नाहीत, हा जुना रिवाज त्यांना तोंडपाठ. मग पेठेतलीच एक पोर गादीवर यायला लागली. आबांनी आठवडाभर तिच्याकडं पाठ करून मोजलं. आठव्या दिवशी पाठमोरेच ओरडले, "सत्तर नव्हं, अडुसष्ट!" प्रश्न मिटला. ऑगस्ट २०२४ मध्ये विनेश फोगट पॅरिसच्या अंतिम फेरीआधी ५० किलोला १०० ग्रॅम जादा भरली आणि बाद झाली, त्या संध्याकाळी आबा जेवले नाहीत, असं घरून कळलं. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर म्हणाले, "शंभर ग्रामला आमच्यात चिवडा बी बांधून देत न्हाईत." पुढं काही बोलले नाहीत आणि त्या दिवशी जोर बरोबर मोजले.

गादीचा उल्लेख आलाच आहे तर ते महाभारतही सांगून टाकतो. महाराष्ट्र केसरीला माती विभाग आणि गादी विभाग असे दोन्ही असतात आणि दोन्हीकडचे विजेते शेवटी चांदीच्या गदेसाठी भिडतात. राज्याबाहेर, देशाबाहेर जायचं तर मात्र गादीशिवाय गत्यंतर नाही. म्हणून तालमीच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गादी आली, आणि तिच्याबरोबर पतियाळ्याला शिकून आलेला एक तरुण कोच. आबा त्याला 'शिट्टी' म्हणतात.

कोचनं पहिल्या दिवशी आबांना नीट बसवून नियम समजावले. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मधे अर्धा मिनिट विसावा. खाली घेऊन ताबा मिळवला की दोन गुण, उचलून फेकलं की चार. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथंच संपली.

"पाठ न लागता?"

"पाठ न लागता, आबा."

"म्हंजे गडी हारला आन त्याची पाठ कोरडी?"

"हो."

"मग घरी जाऊन बापाला काय दावायचं?"

याला पतियाळ्याच्या अभ्यासक्रमात उत्तर नव्हतं. मातीच्या कुस्तीचं मर्म आबांनी या एका प्रश्नात सांगितलं, असं मी मानतो. जुन्या निकाली कुस्तीत पाठीला लागलेली माती हाच निकाल. तो पंच बदलू शकत नाही आणि हरलेला नाकारू शकत नाही. त्यात घड्याळ नसल्यानं तासतासभर नुसती खडाखडीही चालते आणि लोक खडे मारायला उठतात, ही दुसरी बाजू आबा सांगत नाहीत.

पण माणूस मोठा विलक्षण. महिन्याभरात आबा शेडच्या दारात दिसू लागले. मग आत. मग गादीच्या काठाला. "चार! आरं चार द्या की! पाय हवेत हुता त्येचा!" गुणांचं शास्त्र त्यांनी असं आत्मसात केलं की खुद्द कोच अधूनमधून त्यांच्याकडं बघू लागला. जोरांत वीस-वीस आकडे गिळणारा हा माणूस गुणांमध्ये अर्ध्याचीही चूक करीना. सगळ्यात आवडलं ते चॅलेंज. पंचांचा निर्णय पटला नाही तर कोच एक मऊ चौकोनी ठोकळा गादीवर टाकतो, मग चित्रफीत बघून निर्णय तपासतात. चॅलेंज फसलं तर समोरच्याला एक गुण. "पंचाला भर मैदानात खोटं पाडायचं, आन त्ये बी कायद्यानं!" आबा हरखून गेले. आयुष्यभर ते हेच काम बिनकायद्याचं करत आले होते.

जिल्ह्याच्या एका स्पर्धेत शेवटचे दहा-बारा सेकंद उरले होते. आमच्या पोरानं पट काढला, दोघं काठावरून बाहेर पडले आणि पंचांनी गुण समोरच्याला दिला. कोच क्षणभर विचारात पडला. आबा पडले नाहीत. त्यांनी "चॅलेंज!" म्हणून आरोळी ठोकली आणि हाताला काही लागेना तेव्हा डोक्याचा मफलर ओढून गादीच्या मधोमध भिरकावला.

कुस्ती थांबली. पंच मफलरकडं बघत राहिले. आणि आमच्या तालमीची सगळी पोरं आबांकडं बघत राहिली. दोन्ही कान अगदी कोरे होते. कुठं सुरकुती नाही, गाठ नाही. सोनारानं भिकबाळी घालायला मागून घ्यावेत असे रेखीव. मी पुढं काय होणार म्हणून अंग चोरून बसलो, कारण या वयातल्या पोरांच्या जिभेला लगाम नसतो हे शिक्षकाला सांगावं लागत नाही. पण एकही पोर हसलं नाही. त्यातलं सर्वांत दांडगं गादीवर गेलं, मफलर उचलला, झटकला आणि कानांकडं न बघता आबांच्या डोक्याला गुंडाळला. आबा एवढंच म्हणाले, "जरा आवळून बांद. कसा ढिला झाला काय म्हाईत." पंचांनी मफलर नियमात बसत नाही म्हणून सांगितलं, गुण कायम राहिला आणि आम्ही हरलो. तेव्हापासून कोच आबांना चौथ्या रांगेत बसवतो.

त्या स्पर्धेहून परत येताना मी वस्तादांच्या शेजारी बसलो होतो. विचारलं, आबा कधी लढले होते का? वस्ताद कागल येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत होते.

"एकदा. रेवड्यांची कुस्ती हुती."

"मग?"

"पडला. रेवड्या मातूर त्यानंच खाल्ल्या."

बराच वेळ गेला. मग वस्ताद म्हणाले, "पाडला मीच. जोड चुकीची लावली हुती. मी दोन वर्सानं मोठा हुतो. खांदा निखळला त्येचा, परत उतरला न्हाई." आणि पुन्हा खिडकीकडं तोंड केलं. वस्तादांना एका दमात इतकं बोलताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि त्यानंतरही ऐकलं नाही.

कोल्हापुरात आलात तर अंबाबाईचं दर्शन घ्या, तांबडा-पांढरा खा, आणि एखाद्या पहाटे पाचच्या सुमारास कुठल्याही तालमीत डोकवा. चपला बाहेर काढा, मोबाइल खिशात ठेवा. कट्ट्यावर मफलरवाले गृहस्थ दिसतील, ते जागा करून देतील. खाशाबांचं विचारा, गामाचं विचारा. आकडा कितीही आला तरी मान डोलवा. राखीव डाव विचारू नका. आणि ते "हितनं हात घातला" म्हणाले, की आधी चष्मा काढून सुरक्षित ठेवा. माझा दोनदा बदलून झाला आहे.